शाळेतील गप्पी माशांची वीण

(शिक्षकांच्या विज्ञान-वर्गापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्याकडील पुष्कळ शाळांतून आता माशांची एखादी काचपेटी दृष्टीस पडते. कोठे ती ग्रामस्थांनी दिलेली असते, कोठे शिक्षकांनीच वर्गणी काढून आणलेली असते. आणि जेथे पेटी परवडत नाही तेथे ओसरीवरची सिमेंटची कुंडी किंवा जुना रांजण तेच काम बजावतो. या पेट्यांतून बहुधा गप्पी मासेच असतात. ते फुकट मिळतात, साध्या पाण्यात तग धरतात, आणि डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांनी ते गावोगाव पोहोचविलेले आहेत. "मासे ठेवा, महिन्याच्या महिन्याला पिल्ले होतील," असे सांगून ते शिक्षकांच्या हाती दिले जातात. पुढे दोन-तीन महिने लोटतात आणि तक्रार सुरू होते, ती ही की पिल्ले काही होत नाहीत. कोणी म्हणतो मासेच वांझ निघाले, कोणी म्हणतो आमच्या गावचे पाणी वाईट. या तक्रारीचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. गप्पीची धडधाकट मादी वांझ निघणे ही फार विरळा घटना होय. पिल्ले होत नाहीत असे जेथे म्हटले जाते, तेथे बहुतेक वेळा ती होत असतात. परंतु कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच नाहीशी झालेली असतात. पिल्ले न होणे आणि पिल्ले न जगणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरील उपायही निराळे आहेत. कोणती अडचण आपल्या पेटीत आहे हे ठरविल्यावाचून जे उपचार केले जातात, त्यांनी पुष्कळदा असलेली पिल्लेही दगावतात.

मुले या माशाच्या नावावरून थट्टा करतात की, हा मासा गप्पा मारतो काय? त्यांना सांगावे की हे एका माणसाचे आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी हे वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर राहत. भूगर्भाचा आणि प्राण्यांचा त्यांना मोठा नाद. तेथून त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे या माशाचे नमुने पाठविले, आणि १८६६ मध्ये गुंथर या शास्त्रज्ञाने माशाला त्यांचे नाव दिले. वस्तुतः पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच या जातीचे वर्णन केलेले होते. त्यामुळे शास्त्रीय नावातून 'गप्पी' गळाले, पण लोकांच्या तोंडी मात्र तेच राहिले. हे गप्पीसाहेब पुढे कित्येक वर्षे त्रिनिदादमधील शाळांचे मुख्य निरीक्षक होते. तेव्हा आपल्या वर्गातील पेटीत रोज एका शाळा-निरीक्षकाचे नाव पोहत असते, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता या माशाच्या विणीचा प्रकार पाहू. रोहू, कटला, मरळ हे आपल्या परिचयाचे मासे अंडी घालतात. बाजारात त्यांच्या पोटात गाभोळी सापडते ती मुलांनी पाहिलेली असते. गप्पी, मोली, प्लॅटी आणि सोर्डटेल यांची अंडी मादीच्या पोटातच फळतात, तेथेच वाढतात, आणि मादी पोहती पिल्ले प्रसवते. अंड्यातील बलकावरच पिल्लाचे मुख्य पोषण होते. या प्रकाराला पूर्वीच्या पुस्तकांतून अंडजरायुज असा शब्द योजलेला आढळतो. मुलांपुढे 'पिल्ले घालणारे मासे' एवढे म्हटले तरी पुरे. नर व मादी ओळखणे सोपे आहे. नर लहान, सडपातळ, रंगीत. मादी मोठी, करड्या रंगाची, भरल्या पोटाची. पोटाखालचा मागील पर मादीत पंख्यासारखा, तर नरात काडीसारखा अरुंद असतो. या काडीच्या साहाय्यानेच नर मादीच्या शरीरात बीज सोडतो. मादीच्या पोटाच्या मागल्या बाजूस एक काळसर डाग असतो. गर्भ वाढू लागला की तो मोठा व गडद होतो. सुमारे चार आठवड्यांनी मादी विते. पहिलटकरणीचे वेत लहान, पाच-दहा पिल्लांचे. मोठ्या मादीचे तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक पिल्लांचेही असते. जन्मतः पिल्लू सहा ते आठ मिलिमीटर लांब असते.

आणि येथेच पहिली व सर्वांत मोठी अडचण उभी राहते. हे पिल्लू जन्माला येते ते त्या पेटीतील प्रत्येक मोठ्या माशाच्या तोंडात मावेल एवढे असते. मादी पुष्कळ वेळा रात्री किंवा पहाटे विते. शाळा भरते साडेदहाला. मधल्या काळात काय घडते हे पाहण्यास वर्गात कोणीच नसते.

एका द्विशिक्षकी शाळेत मी गेलो असता हीच तक्रार माझ्या कानी आली. मासे आणून चार महिने झाले होते आणि एकही पिल्लू दिसले नव्हते. तेथील बाईंना मी इतकेच सुचविले की, चौथीच्या मुलांनी रोज शाळेत येताच सर्वांत मोठ्या मादीचे पोट पाहावे आणि ते एकाएकी लहान दिसेल त्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करावी. दुसरे काही करू नये. पुढील भेटीत दिनदर्शिकेवर तीन खुणा होत्या. पहिल्या दोन खुणांत सत्तावीस दिवसांचे अंतर होते आणि पुढच्या दोहोंत एकोणतीस. मुलांनी स्वतःच निष्कर्ष काढला होता, आणि एका मुलीने तो मला दबक्या आवाजात विचारला: "गुरुजी, आईच खाते का?"

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा विचारला जाणार आहे. त्याचे उत्तर टाळू नये, आणि खोटेही देऊ नये. "नाही ग, ती लपली असतील," असे म्हणणे सोपे आहे; परंतु जिने महिनाभर खुणा करून सत्य शोधले त्या मुलीला शिक्षकानेच चकविले, असा त्याचा अर्थ होईल. तसेच मादीला राक्षसीण ठरवून बोधकथा रचणेही योग्य नव्हे. मी तिला सांगितले ते असे. होय, खाते, आणि बापही खातो, इतर मासेही खातात. माशाला आपले पिल्लू ओळखता येत नाही. पाण्यात हलणारी बारीक वस्तू म्हणजे अन्न, एवढेच त्याला कळते. ओढ्यात पिल्लू जन्मताच काठाच्या उथळ पाण्याकडे, गवताच्या मुळांकडे पळते; तेथे मोठा मासा शिरू शकत नाही, आणि मायलेकरांची पुन्हा गाठ पडत नाही. आपल्या पेटीला चार भिंती आहेत, पण काठ नाही. तो काठ आपण करून द्यावयाचा.

हा काठ म्हणजे पाण्यातील वनस्पती. हायड्रिलासारखी पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती तळ्यातून आणून, स्वच्छ धुऊन, पेटीच्या एका बाजूस दाट भरावी. पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीचे एखादे लहान रोप ठेवले तर तिच्या केसाळ मुळांतही पिल्ले उत्तम लपतात. मात्र ती वाढली की उपटून उन्हात पूर्ण वाळवावी, कोणत्याही नदी-तळ्यात टाकू नये, कारण तिने आधीच आपले जलाशय झाकून टाकले आहेत. काही न मिळाल्यास पोत्याच्या तागाचे धागे सोडवून, दोन-तीन पाण्यांतून उकळून, त्याचा पुंजका पेटीत सोडला तरी चालतो. तो कुजू लागण्यापूर्वी बदलावा. त्या शाळेतील मुलांनी हायड्रिला भरले आणि पुढच्या वेतातील अकरा पिल्ले त्यांच्या डोळ्यांदेखत मोठी झाली. सगळी वाचली नाहीत. सगळी वाचावीत अशी अपेक्षाही धरू नये.

पिल्ले हवीत म्हणून मोठ्या माशांची उपासमार थांबविणे हेही तितकेच आवश्यक आहे. भुकेला आणि दाटीत राहणारा मासा पिल्लांवर अधिक तुटून पडतो. दिवसातून दोन वेळा, पाच मिनिटांत संपेल एवढेच अन्न टाकावे. पोळीचा वा भाकरीचा चुरा, बिस्किटे, खाऊच्या सुट्टीतील उरलेला भात हे सर्व पेटीत पडते ते मुलांच्या मायेपोटी. पण न खाल्लेले अन्न तळाशी कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो, आणि त्याने सर्वांच्या आधी पिल्ले मरतात.

काही उत्साही शिक्षक गाभण मादीला पकडून बरणीत किंवा दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या लहान पिंजऱ्यात ठेवतात. हेतू चांगला, परिणाम मात्र पुष्कळदा उलट होतो. जाळीने पाठलाग करून पकडलेली, अरुंद जागेत कोंडलेली मादी घाबरते. कधी ती वेळेपूर्वी विते. मग बलकाची पिशवी पोटाशी लोंबत असलेली अपुरी पिल्ले तळाशी पडतात आणि मरतात. कधी ती विणेच लांबविते आणि स्वतःच दगावते. वेगळे करावयाचेच असेल तर शेवटच्या दिवसांत हात लावू नये. आठवडा-दीड आठवडा आधीच तिला वनस्पती भरलेल्या मोठ्या भांड्यात हलवावे आणि व्याल्यानंतर एखादा दिवस विसावा देऊन परत आणावे. माझे मत विचाराल तर शाळेत ही यातायात करूच नये. दाट वनस्पतींनी जे साधते ते पिंजऱ्याने साधत नाही.

आता खरोखरच पिल्ले होत नाहीत, किंवा माद्या एकामागून एक मरतात, अशा पेट्यांकडे वळू. तेथे प्रथम नर मोजावेत. रंगीत म्हणून लोक नरच अधिक आणतात. गप्पीचा नर दिवसभर मादीच्या मागे असतो. तिला खाऊ देत नाही, विसावू देत नाही. दोन माद्या आणि सहा नर असे जेथे असेल तेथे माद्या खंगून मरणार हे सांगावयास ज्योतिषी नको. एका नरास दोन-तीन माद्या हे प्रमाण ठीक पडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. गप्पी आणि विशेषतः मोली यांस जड पाणी मानवते. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, म्हणून घरची मंडळी कुरकुर करतात, ते पाणी या माशांना उत्तम. काळ्या दगडाच्या प्रदेशातील आपल्या पुष्कळ विहिरी अशाच आहेत. उलट जांभ्या दगडाच्या भागात आणि पावसाच्या साठविलेल्या पाण्यात क्षार कमी असतात. तेथे मोली मलूल होतात, पर मिटून डुलत राहतात आणि वीण खुंटते. अशा ठिकाणी चुनखडीचे दोन-चार खडे किंवा धुतलेले शिंपले पेटीच्या तळाशी ठेवावेत. पानात खावयाचा चुना मात्र कदापि टाकू नये. त्याने पेटीतील सर्व मासे घटकाभरात मरतील.

ग्रामपंचायत ज्या दिवशी विहिरीत वा टाकीत टी.सी.एल. पावडर टाकते, त्या दिवसाचे पाणी पेटीत घालू नये. पिण्यासाठी ती पावडर अवश्य हवी, पण त्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी एक दिवस उघडे ठेवले म्हणजे क्लोरीन निघून जातो. हातपंपाचे पाणीही असेच ठेवून, वरखाली ओतून मगच वापरावे.

आणि शनिवारची सफाई! हा विषय मला थोडा विस्ताराने बोलावा लागतो, कारण आपली शिस्तच येथे आड येते. शनिवारी वर्ग झाडतात, फळा पुसतात, आणि त्याच उत्साहात पेटीतील सर्व पाणी ओतून, वाळू घासून, कधी साबणही लावून ती लख्ख करतात. वाळूवर आणि काचेवर जो बुळबुळीत थर असतो त्यात राहणारे सूक्ष्म जिवाणू माशांच्या मलमूत्रातील अमोनिया निरुपद्रवी करीत असतात. नव्या पेटीत ही वसाहत जमावयास चार ते सहा आठवडे लागतात; एका शनिवारी आपण ती धुऊन टाकतो. शिवाय त्या ओतलेल्या पाण्याबरोबर पिल्लेही बागेतल्या वाफ्यात जातात, ती निराळीच. यास्तव आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, काढलेले पाणी पांढऱ्या घमेल्यात घेऊन त्यात पिल्लू नाही ना हे मुलांनी पाहावे, आणि मगच ते झाडांना घालावे. नवे पाणी पेटीतील पाण्याइतकेच कोमट असावे. चोवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सियस उष्णता या माशांना मानवते. थंडीच्या दिवसांत पहाटे ती बरीच खाली गेली तर वीण लांबते. त्यात घाबरण्याचे कारण नाही. मे महिन्यातील पत्र्याखालची खोली मात्र घातक असते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि गाभण मादीला तो अधिक लागतो. सुट्टीत पेटी बंद खोलीत ठेवण्यापेक्षा मासे झाडाच्या सावलीतील कुंडीत हलवावेत. पाणी हिरवे झाले तरी बिघडत नाही. त्या हिरव्या पाण्यात जे सूक्ष्म जीव वाढतात त्यांवर पिल्ले चांगली पोसतात. मोठे मासे चार-सहा दिवस उपाशी काढतात, पिल्ले काढू शकत नाहीत, हे सुट्टीची व्यवस्था करताना लक्षात असावे.

कधी याच्या अगदी उलट तक्रार येते. पेटीत एकही नर नाही, तरी मादी विते! गावात लगेच चमत्काराची चर्चा सुरू होते. यात चमत्कार नाही. गप्पीची मादी एकदा मिळालेले बीज शरीरात साठवून ठेवते आणि त्यावर कित्येक महिने एकामागून एक वेते देते. त्रिनिदादच्या ओढ्यांत केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, नर मरून महिने लोटल्यावरही त्याची संतती जन्मास येत होती. मुलांनी हा प्रश्न विचारला असता काही शिक्षक संकोचाने विषय बदलतात. आमच्या खेड्यांतील मुलांनी गाय फळताना आणि शेळी विताना पाहिलेली असते. संकोच त्यांना नसतो, आपल्याला असतो. साध्या, गंभीर शब्दांत सांगितले की ती मुले साधेपणानेच ऐकतात.

या साठवणुकीमुळे एक अडचण मात्र उत्पन्न होते. विशिष्ट रंगाचे मासे मिळावेत म्हणून आपण निवडक नर आणतो, पण पिल्ले निघतात ती आधीच्या नराची. रंगाचा प्रयोग करावयाचा असेल तर पिल्ले चार-पाच आठवड्यांची होताच, नरांना काडीसारखा पर फुटू लागला की, माद्या वेगळ्या कराव्यात. या माशावरील आनुवंशिकतेचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. डेन्मार्कमध्ये योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये आणि पाठोपाठ विंगे यांनी दाखवून दिले की, नराच्या अंगावरील काही ठिपके बापाकडून केवळ मुलांकडे जातात, मुलींत ते दिसत नाहीत. काचेच्या चार बरण्या आणि धीर असेल तर सातवीच्या वर्गाला यातले थोडे स्वतः पाहता येईल.

सोर्डटेल आणि प्लॅटी यांविषयी दोनच शब्द. या दोन जातींचा परस्परांत संकर होतो. परंतु काळे ठिपके असलेल्या प्लॅटीचा सोर्डटेलशी संकर करून ती संतती पुन्हा सोर्डटेलशी जुळविली, तर त्यातील काहींच्या अंगावर काळ्या गाठी येतात. तो एक प्रकारचा कर्करोगच असतो. अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कोसविग व हॉयस्लर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही गोष्ट शोधून काढली, आणि कर्करोगाच्या संशोधनास तिचा आजही उपयोग होतो. आपण शाळेत या दोन जाती एका पेटीत ठेवू नयेत, एवढे पुरे.

दोन-तीन वर्षे जुन्या पेट्यांतून आणखी एक दुखणे आढळते. मासे आहेत, पिल्लेही होतात, पण पिढी-दर-पिढी ती खुरटत जातात. वेत लहान होते, काही वाकड्या पाठीची निघतात. चौकशी केली असता कळते की, सर्व मासे मूळच्या एकाच मादीचे वंशज आहेत. भावंडांतच वीण होत राहिली की असे व्हावयाचेच. शेतकरी आपल्या गायीसाठी दुसऱ्या गावचा वळू पाहतो, ती रीत येथेही लागू करावी. वर्षातून एकदा केंद्रातील शाळांनी आपापसांत चार-चार नर बदलून घ्यावेत. खर्च शून्य आणि गुण मोठा. नवे नर दोन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवून, निरोगी दिसल्यावरच पेटीत सोडावेत. वाकडी पाठ नेहमीच आप्तसंकराने येते असे मात्र समजू नये. माशांच्या एका क्षयासारख्या रोगातही मासा वाळतो आणि त्याची पाठ वाकते. त्या रोगाचे जंतू माणसाच्या हातावरील जखमेतून शिरून त्वचेवर गाठी उठवू शकतात. म्हणून ज्या मुलाच्या हाताला जखम असेल त्याने पेटीत हात घालू नये, आणि इतरांनीही काम होताच साबणाने हात धुवावेत.

येथवर पिल्ले वाचविण्याचे सांगितले. ती वाचू लागली म्हणजे खरा कठीण प्रश्न सुरू होतो, आणि तो गणिताच्या तासालाच घ्यावा. एक मादी दर चार आठवड्यांनी तीस पिल्ले देते आणि त्यांत निम्म्या माद्या असतात असे धरा. पिल्लू जन्मल्यापासून बारा आठवड्यांनी स्वतः विते असे धरा. एकही मरत नाही असेही धरा. सोळाव्या आठवड्यात मूळ मादीची चार वेते मिळून १२० पिल्ले झाली, त्याच आठवड्यात तिच्या पहिल्या वेतातील पंधरा मुली व्याल्या, त्यांची ४५०, एकूण ५७०. पुढचा हिशोब मुलांना करू द्यावा. फळा पुरत नाही असे दिसले की त्यांनाच विचारावे, ओढ्यात एवढे मासे का दिसत नाहीत? ज्या मुलीला आईने पिल्ले खाल्ल्याचे वाईट वाटले होते, ती या तासाला निराळा विचार करू लागते.

पण मुले ओढ्याचे नाव काढतात त्यात धोकाही आहे. पेटी भरली की कोणीतरी दयाळूपणे म्हणतो, "सोडून देऊ नदीत." असे कधीही करू नये, आणि मुलांना करू देऊ नये. गप्पी हा आपल्या पाण्यातला मासा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. त्याचा आप्त गॅम्बूसिया हाही डासांसाठीच १९२८ मध्ये भारतात आणला गेला. आज तो जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे, कारण जेथे तो शिरला तेथील लहान मासे, बेडकांची पिल्ले आणि अंडी यांवर त्याने धाड घातली. आपल्या ओढ्यांत डासांच्या अळ्या खाणारे देशी मासे पूर्वीपासून आहेत. पाण्याच्या पृष्ठाशी पोहणारा, डोक्यावर चांदीच्या टिकलीसारखा चमकता ठिपका असलेला लहान मासा आपण सर्वांनी पाहिला असेल. तो त्यांतलाच. त्याच्या घरात आपण परक्यांची झुंड सोडावी, हे दयेचे काम नव्हे. आरोग्य खाते गप्पी सोडते ते वापरात नसलेल्या विहिरी, टाक्या, साचलेली डबकी अशा ठिकाणी; कोठे सोडावयाचे हे त्यांनी ठरवावे, आपण नव्हे.

मग वाढावा झाल्यास काय करावे? नर व माद्या दोन भांड्यांत वेगळे केले तर साठविलेले बीज संपेपर्यंत काही महिने वेते येतील, पुढे वीण थांबेल. वनस्पती थोड्या विरळ केल्या तर मोठे मासे आपला हिशोब आपणच जुळवितात. हे मुलांना समजावून सांगूनच करावे, चोरून नव्हे. ज्या शाळेत पेटी नाही तिला जोडी-दोन जोड्या द्याव्यात. आणि कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांत गप्पींच्या पैदाशीचा हौद असतो. तेथे विचारून मासे नेऊन द्यावेत.

नेताना एक काळजी घ्यावी. आदल्या दिवशी माशांना अन्न देऊ नये, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एक हिस्सा पाणी व दोन हिस्से हवा ठेवून तोंड घट्ट बांधावे, आणि ती कापडी पिशवीत घालून उन्हापासून झाकावी. लवकरच विणाऱ्या माद्या या खेपेस नेऊ नयेत. त्यांची पाळी पुढच्या महिन्यात. पोहोचल्यावर पिशवी तशीच बांधलेली पंधरा-वीस मिनिटे तेथल्या पाण्यावर तरंगत ठेवावी, नंतर तोंड सोडून तेथले थोडेथोडे पाणी आत घ्यावे, आणि शेवटी मासे ओंजळीने न काढता जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले उरलेले पाणी हौदात ओतू नये, झाडाला घालावे.